कडेच्या कुंड्या

मंगळवारी भर दुपारी माझ्या नवऱ्याने जवळजवळ माझ्या अंगावर बस घातली आणि माझ्याकडे ढुंकूनही न बघता तो निघून गेला. आमच्या लॅबमधली भट्टी बंद पडली होती, मालकांनी दोनलाच सोडलं, आणि मी येताना रोपवाटिकेतून खताची पिशवी घेऊन स्टॉपच्या थोडं अलीकडे, जाहिरातीच्या फलकाच्या सावलीत उभी होते. सावली म्हणजे काय, अंगापुरती पट्टी. त्याची बस आली. नंबर बघायची मला गरज पडत नाही. तो ब्रेक लावतो तेव्हा गाडीचा जो एक लांब उसासा निघतो तो मला चौथ्या मजल्यावरूनही ओळखू येतो. मी हसले. खरंच हसले, कारण बत्तीस वर्षांत त्याच्या बसमध्ये चढायचा योग मोजून पाच-सहा वेळा आला असेल. बसच्या पुढच्या कोपऱ्याशी जाऊन मी हात वर केला. तो सरळ समोर बघत होता. दार मिटलं, बस हलली, कडेच्या पत्र्यात पिशवी अडकली, मी गर्रकन फिरले आणि पाच किलो खत माझ्या पायांवर आणि रस्त्यावर सांडलं. मागून कोणीतरी म्हणालं, "अहो बाई, मरायचंय का?" मी पायावरचं खत झटकत राहिले. मला एवढंच वाटलं, की रविवारचा राग अजून गेलेला नाही तर.

रविवारी भांडण झालं होतं असंही नाही. आमच्यात भांडण होत नाही. एकजण एक वाक्य बोलतो आणि दुसरा त्यावर आठवडा काढतो. मी म्हणाले होते, "माझ्याच कुंड्या कशा हो वाळतात?" बस्स. तो म्हणाला, "मी सगळ्यांना सारखं पाणी घालतो," आणि आत गेला. आमच्या घराला मागे लांबट गॅलरी आहे, तिच्या कठड्याला लागून नऊ कुंड्या. मधल्या पाच त्याच्या: दोन टोमॅटो, एक वांगं, एक मिरची, एक भेंडी. दोन्ही कडांच्या दोन-दोन माझ्या, फुलांच्या. ही वाटणी कोणी केली नाही, होत गेली. लेक लग्न होऊन परगावी गेली त्या उन्हाळ्यात घर इतकं खायला उठलं, की मी झिनियाचं बी आणून रंगाच्या रिकाम्या डब्यांत पेरलं, आणि मधे जागा नव्हती म्हणून डबे कडेला ठेवले. तेव्हा तो म्हणाला होता, "फुलं काय खायची आहेत?" हे वाक्य मी नऊ वर्षं सांभाळून ठेवलंय. त्याच्या वांग्यात अळी निघाली की मी ते आठवून घेते आणि मला बरं वाटतं. मनात मी त्याला अरे-तुरेच करते, तोंडाने अहो. बऱ्याच गोष्टी आमच्याकडे अशा दोन मजल्यांवर चालतात.

उन्हाळ्यात पाणी घालायचं काम त्याचं. ड्यूटीवरून आला की शर्ट काढतो, गॅलरीच्या मधोमध स्टूल टाकून बसतो, गुडघे कधीच गेलेत, आणि बसल्या जागेवरून नळी धरतो. मान हलवत नाही. नजर समोरच्या टोमॅटोवर आणि मनगट इकडून तिकडे. गाडीवरही त्याचा हाच रुबाब. मान वळवणारा ड्रायव्हर म्हणजे शिकाऊ, असं तो नव्या पोरांना सांगायचा; मुरलेल्या माणसाचं काम डोळ्यांच्या कोपऱ्यांवर चालतं. चालायचंही. लग्नानंतर पहिल्यांदा त्याच्या बसमध्ये बसले तेव्हा मी त्याच्या मागच्या सीटवरून बघत होते, गर्दीतून एक मुलगी पळत आली, याची मान तसूभर हलली नाही आणि गाडी मात्र थांबली. मला तेव्हा तो फार मोठा माणूस वाटला होता. आणि या उन्हाळ्यात मी बघत होते की माझ्या कुंड्यांपासून बरोबर वीतभर अंतरावर फरशी ओली असते आणि कुंडी कोरडी ठणठणीत. दोन्ही कडांना तसंच. आळसाने झालं असतं तर सोडून दिलं असतं. पण इतकं नेमकं चुकायला लक्ष द्यावं लागतं, असं माझं म्हणणं होतं. महिनाभर मी ते म्हणणं मनात घोटत होते आणि रात्री भांडी आवरून झाल्यावर मुकाट्याने माझ्या चार कुंड्यांना तांब्याने पाणी घालत होते. पण उन्हाने एकदा करपलेलं पान काही पुन्हा हिरवं होत नाही.

मी दात करते. लोकांना हे सांगितलं की ते आपोआप तोंड मिटतात. डॉक्टरकडून तोंडाचा ठसा येतो, त्यात आम्ही प्लास्टर ओततो, मेण लावतो, मेणात एकेक दात बसवतो. मग पांढऱ्याच्या सोळा छटांची पट्टी असते, तिच्याशी रंग जुळवायचा. सोळा पांढरे. नवशिक्याला ते सगळे सारखे दिसतात. केसभर उंच राहिला एक दात तर माणसाला चावता येत नाही, म्हणून दिवसभर मी भिंग लावून केसभर फरक शोधत असते, आणि संध्याकाळी घरी येते तेव्हा मला काहीही बघायची इच्छा उरलेली नसते. समोर माणूस बसलाय, जेवतोय, एवढं दिसलं की पुरतं. त्या बुधवारी मी बाकावर बसून कोणा म्हाताऱ्याच्या खालच्या दातांची ओळ लावत होते आणि डोक्यात एकच चक्र चालू होतं: त्याने मला पाहिलं. पाहून न पाहिल्यासारखं केलं. पॉलिश करणारे काका शेजारून म्हणाले, "आज दातांवर राग काढताय का? हलक्या हाताने घ्या. ज्याला लागायचेत त्याने काही केलेलं नाही." मी हसल्यासारखं केलं. अंग मोडून आल्यासारखं झालं होतं. राग धरायलाही ताकद लागते, आणि पंचावन्नाव्या वर्षी ती दुपारपर्यंतच पुरते.

आणि फुलपाखरं. तीही मी त्या हिशेबात धरली होती. माझ्या झिनियांवर मे महिन्यात फुलपाखरं येतात. चौथ्या मजल्यावर कशी येतात देव जाणे, पण येतात. पिवळी, लहान, आणि एक काळं मोठं, पांढऱ्या ठिपक्यांचं. दरवर्षी ती आधी त्याला दिसायची. पाणी घालता घालता, नजर टोमॅटोवरच, तो म्हणायचा, "आली बघ तुझी पाहुणी." मी हातातलं टाकून गॅलरीत यायचे. तो वळायचासुद्धा नाही, पण कुठल्या कुंडीवर, किती, सगळं त्याला ठाऊक असायचं. फुलं काय खायची आहेत, असं विचारणाऱ्या माणसाने एवढं लक्ष ठेवावं, याला मी काय समजायचे ते समजायचे. याच्यापलीकडे आमच्यात गोडगोड बोलायची पद्धत नव्हती. या उन्हाळ्यात तो एकदाही म्हणाला नाही. मी वाट बघितली, मग वाट बघायचं सोडलं, मग सोडलं याचाही राग आला. त्यातच मला बियांच्या डब्यात एक छोटी बाटली सापडली, वरचा कागद खरवडून काढलेली. तो सकाळ-संध्याकाळ तो डबा घेऊन गॅलरीत पाठमोरा उभा राहतो हे मी पाहिलं होतं. टोमॅटो यंदा चांगले लागले होते. मला वाटलं, काहीतरी औषध आणलंय आणि लपवून आपल्याच झाडांना घालतोय. मी बाटली उलटी केली आणि माझ्या झिनियांच्या मुळाशी दहा-दहा थेंब टाकले. चार दिवस ओळीने टाकले. झिनियांना काही गुण आला नाही, पण माझ्या जिवाला आला.

शनिवारी त्याची सकाळची पाळी होती आणि मला अर्धी सुट्टी. संध्याकाळी पाचला तो स्टुलावर बसला होता, ऊन कठड्यावरून उतरून त्याच्या पायांवर आलं होतं, नळीचं पाणी पहिल्यांदा गरम येतं ते त्याने खाली सोडून दिलं. मी वाळलेले कपडे काढायला गॅलरीच्या दारात आले. त्याच्या उजव्या हाताला, कडेच्या कुंडीत, एकुलतं एक लाल फूल तग धरून होतं आणि त्याच्यावर ते काळं फुलपाखरू बसलं होतं. पंख उघडत होतं, मिटत होतं. मधेच उठलं, त्याच्या कानाजवळून एक गिरकी घेतली आणि परत त्याच फुलावर बसलं. मी त्याच्याकडे बघत होते. त्याने मनगट फिरवलं, पाण्याची धार कुंडीच्या वीतभर अलीकडे फरशीवर पडली, आणि दारात माझी चाहूल लागली म्हणून की काय, तो समोर बघत म्हणाला, "यंदा तुझ्या पाहुण्या नाही आल्या एकही. उन्हाळा फार आहे."

मला आधी वाटलं, टोमणा आहे. मी उत्तरही तयार केलं होतं. पण त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. त्याला वाईट वाटत होतं. फुलपाखरू त्याच्यापासून हातभर अंतरावर होतं आणि ती आली नाहीत याचं त्याला माझ्यासाठी वाईट वाटत होतं. हातातले कपडे मी दोरीवरच ठेवले, चपला काढल्या आणि पाय न वाजवता त्याच्या बाजूला जाऊन उभी राहिले. उजवा हात त्याच्या खांद्याच्या रेषेत धरला आणि बोट वर केलं. काही नाही. बोट हळूहळू पुढे आणत गेले, जसा मी मेणातला दात सरकवते तसं, थोडं, अजून थोडं. त्याच्या कानाच्या पुढे, गालाच्या पुढे, डोळ्याच्या कडेच्याही पुढे. तो टोमॅटोला पाणी घालत होता. बोट जवळजवळ त्याच्या नाकासमोर आलं तेव्हा तो दचकला आणि नळी हातातून सुटून आम्ही दोघंही भिजलो. आयुष्यात एवढं वाईट कृत्य मी दुसरं केलेलं नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"उगाच वेड पांघरू नका."

त्याने नळ बंद करायला उठायचं निमित्त केलं, गुडघ्यावर हात ठेवून उठला, नळ बंद केला, परत बसला. "समोरचं सगळं दिसतं," तो म्हणाला. "तक्त्यातली शेवटची ओळ वाचली मी, डेपोतल्या तपासणीत. डॉक्टर म्हणाले, काका, पोरांना लाजवाल."

"आणि बाजूचं?"

मग एकेक करून काढलं त्याच्याकडून. थंडीत तो एकटाच डोळ्यांच्या दवाखान्यात गेला होता. काचबिंदू. कडेकडेने नजर जाते, मधली शेवटपर्यंत राहते, म्हणून कळत नाही. गेलेली परत येत नाही, उरलेली थेंबांनी टिकवायची. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काम काय करता? "मी म्हटलं, माळी आहे." असं सांगताना त्याला स्वतःलाच हसू आलं. "गॅलरी होती की डोळ्यांसमोर. अगदीच खोटं नाही." मग म्हणाला, "पण ती बाटली इतक्या लवकर कशी संपते कळत नाही. एक थेंब घालतो. परवा दुसरी आणावी लागली."

"मी झिनियांना घातली," मी म्हणाले.

तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग आम्ही दोघं हसलो. बऱ्याच दिवसांनी एकत्र हसलो, ओल्या फरशीवर, तो स्टुलावर आणि मी कठड्याला टेकून. हसता हसता मला मंगळवार आठवला. मी खालीच बसले. महिनाभर मी ज्याला राग समजत होते तो राग नव्हताच. तो राग असता तर किती बरं झालं असतं. रागाचं काय करायचं ते आम्हाला दोघांना येतं. मला त्या क्षणी मनापासून वाटलं, की याने मुद्दाम माझ्या कुंड्या वाळवाव्यात, मुद्दाम मला रस्त्यात सोडून जावं, आणि मी जन्मभर ते मनात घोटत राहावं. पण हे नको.

"मंगळवारी दुपारी फलकाजवळच्या स्टॉपवर थांबला होतात," मी म्हणाले. "तिथे एका बाईची पिशवी तुमच्या गाडीच्या पत्र्यात अडकून फाटली."

"कोणी सांगितलं?"

"ती मीच. हात वर करून उभी होते. अरे, मेले असते मी."

तोंडातून अरे निघून गेलं. त्याच्या ते लक्षात आलं की नाही, कोण जाणे. त्याचा चेहरा असा झाला की मला वाटलं, बोलायला नको होतं. त्याने मग विचारलं, "लागलं कुठे?" मी नाही म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, "नक्की?" मग म्हणाला, "निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. मी हळू चालवतो. कंडक्टर सांभाळून घेतो. गर्दीत मी कानांनी चालवतो खरं तर." हे त्याने मला धीर द्यावा म्हणून सांगितलं. मी म्हणाले, "उद्या सुट्टी आहे. सोमवारी तुम्ही डेपोत सांगा. नाहीतर मी सांगते." तो म्हणाला, "आणि मग? मला काय पास देण्याच्या खिडकीत बसवणार?" मी म्हणाले, "बसवू देत." तो म्हणाला, "तुला सोपं आहे बोलायला." मला सोपं नव्हतं, पण ते त्याला समजावत बसण्याची माझ्यात ताकद नव्हती. मी उठून दोरीवरचे कपडे काढले.

रविवार आम्ही कसा काढला ते सांगण्यासारखं नाही. तो झोपला, मीही झोपले, दोघांनीही झोपल्याचं दाखवलं. दुपारी मी लेकीला फोन लावला आणि हवापाण्याचं बोलून ठेवून दिला. तिला सांगितलं असतं तर ती आली असती, रडली असती, आणि मग तिला सांभाळत बसावं लागलं असतं. त्याने टोमॅटोच्या काठ्या नव्याने बांधल्या, इतकं मन लावून, की मी त्याच्याकडे न बघता जुनी मासिकं उगाच या ढिगातून त्या ढिगात हलवत राहिले. डोक्यात दुसरंच चालू होतं. मी नुसती पिशवी घेऊन उभी होते, पण उद्या तिथे दप्तर घेतलेलं पोर असेल. त्याची आई नंतर विचारेल, त्या ड्रायव्हरच्या घरी कोणाला माहीत नव्हतं का? आणि मी भिंग लावून सोळा पांढरे ओळखणारी बाई.

सोमवारी तो पाच वाजता उठला. नेहमीसारखी दाढी केली, युनिफॉर्म चढवला, बिल्ला लावला. मी चहा दिला. त्याने तो प्यायला. मीही चपला घालून तयार होऊन बसले होते. त्याने विचारलं, "तू कुठे निघालीस?" मी म्हणाले, "तुमच्या बसमध्ये. पुढच्या सीटवर बसून सांगत जाईन, डावीकडे कोण, उजवीकडे कोण. चौदा महिने." मी चेष्टा करत नव्हते आणि तो हसलाही नाही. बूट घालायला बसला. एक नाडी बांधली. दुसरी हातात धरून तसाच बसून राहिला, घड्याळात साडेपाच वाजून गेले, सहा-दहाची गाडी होती. मग म्हणाला, "फोन दे." मी दिला.

डेपोत ड्यूटी लावणारा कारकून पलीकडे होता; त्याचं बोलणं मला ऐकू येत होतं. त्याने विचारलं, "रजा टाकायची का, काका?" 

"रजा नाही," तो म्हणाला. "मला दिसत नाही."

"काय?"

"बाजूचं दिसत नाही मला."

"काका, इथे गाड्या चालू केल्यात, ऐकू येत नाहीये. मोठ्याने बोला."

तो उभा राहिला. एका बुटाची नाडी लोंबत होती. सहा महिने जी गोष्ट त्याने स्वतःच्या बायकोला सांगितली नव्हती ती आता त्याला ओरडून सांगायची होती. समोरच्या इमारतीत एक खिडकी उघडी होती, तिथली बाई दात घासत होती. "मला दिसत नाही," तो मोठ्याने म्हणाला. "मला नीट दिसत नाही. लिहून घ्या." पलीकडे बराच वेळ नुसती इंजिनांची घरघर ऐकू येत राहिली. मग कारकून हळू आवाजात म्हणाला, "मग आजची गाडी कोणाला देऊ?"

"कोणालाही द्या," तो म्हणाला. "मी सोडून."

त्याने फोन माझ्याकडे दिला आणि बसला. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही, झोप आली, इतकी की डोळे उघडे ठेवणं जिवावर आलं. बाहेर उजाडलं होतं, रस्त्यावरून पहिल्या गाड्या जायला लागल्या होत्या आणि त्यांतली कुठली कोण चालवतंय हे त्याला आवाजावरून कळत असणार. त्याने बिल्ला काढून मांडीवर ठेवला, एकदा उलटा केला, सुलटा केला.

"घरी असलेली माणसं दिवसभर काय करतात गं?" त्याने विचारलं.

"मला काय माहीत," मी म्हणाले. "मी तरी कुठे असते घरी."